धंद्याची खरी बाकी



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिलेले आहे ते हयातभर पेढीवर बसणारे होते, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कळविले, तेव्हा विषय निवडताना फारसा विचार करावा लागला नाही. लहान व्यापाऱ्याला किंवा कारखानदाराला ‘यंदा सुटले किती?’ असे कोणी विचारले की तो क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात दरवेळी लपवाछपवीच असते असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा त्याच्याजवळ खरोखरीच एक उत्तर नसते. आयकराच्या विवरणपत्रात लिहिलेला आकडा एक, कर्जाच्या अर्जाला जोडलेला दुसरा, वर्षअखेरीस नफातोटा पत्रकात उतरलेला तिसरा, आणि संसार भागवून पदरात काय राहिले याचा घरच्या माणसांना ठाऊक असलेला चौथा. आणि हे चारही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. माझे म्हणणे एवढेच आहे की यांपैकी पहिल्याने बाकीच्या तिघांना झाकून टाकले आहे. सरकार जेवढे वजा करू देते तेवढाच आपला खर्च, आणि त्यानंतर जे उरते तेच आपले उत्पन्न, अशी एक समजूत आपल्या व्यापारी वर्गात रूढ झाली असून तिच्यापायी काहींचा पैसा विनाकारण जातो, आणि काहींना आपण तोट्यात आहोत हे वर्षानुवर्षे कळत नाही.

जमिनीवरचा सारा आपल्याला जुना. उत्पन्नावरचा कर त्या मानाने नवा. सत्तावनच्या उठावाने रिकामा झालेला खजिना भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन या पहिल्या अर्थसदस्याने १८६० साली तो प्रथम बसविला. पाच वर्षांनी तो उठला, निरनिराळ्या रूपांनी परत आला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा झाला. पाचशे रुपयांच्या आतील उत्पन्नाला तेव्हा माफी होती. गोखल्यांसारख्यांनी विधिमंडळात केलेल्या मागणीनंतर १९०३ मध्ये ती मर्यादा एक हजारावर गेली. पुढे १९२२ चा कायदा, मग १९६१ चा, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेणारा २०२५ चा. मी कलमांचे जे आकडे सांगेन ते १९६१ च्या कायद्यातील आहेत, कारण व्यापाऱ्यांच्या आणि त्यांच्या सल्लागारांच्या जिभेवर तेच बसलेले आहेत. या सर्व कायद्यांत एक तत्त्व अखंड राहिले: कर गल्ल्यात आलेल्या रकमेवर नसून, ती मिळविण्यासाठी जे घालावे लागले ते वजा करून उरलेल्या बाकीवर आहे. परंतु काय वजा करावयाचे याचा निवाडा कोणी करावयाचा, हा वाद त्या तत्त्वाइतकाच जुना आहे.

कलम ३७ चा दंडक असा की खर्च भांडवली नसावा, खाजगी नसावा, आणि तो संपूर्णतया व केवळ धंद्यासाठी केलेला असावा. १९६१ चे विधेयक मांडले गेले तेव्हा ‘संपूर्णतया’ आणि ‘केवळ’ या दोन अटींच्या जोडीला तिसरी घातलेली होती: खर्च आवश्यकही असला पाहिजे. व्यापारी वर्गाने त्याविरुद्ध ओरड केली आणि ती अट गाळली गेली. ही घटना किरकोळ नव्हे. ती अट टिकली असती तर मुनीम एक ठेवावा की दोन, दुकानाची पाटी साधी असावी की दिव्यांची, गिऱ्हाइकाला चहा पाजावा की न पाजावा, हे सर्व आयकर अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरले असते. सॅसून जे. डेव्हिड या मुंबईच्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली हाच इतिहास सांगितला. कंपनीचे समभाग टाटांकडे जाण्याच्या सुमारास जुन्या नोकरांना कमी करून भरपाई दिली गेली होती, आणि तिचा लाभ डेव्हिड मंडळींना व खरेदीदारांना झाला, म्हणून ती धंद्याचा खर्च नव्हे, असे खात्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले: खर्च धंद्यासाठी झाला असेल तर तो केलाच पाहिजे होता काय, आणि त्यातून तिसऱ्या कोणाचा फायदा झाला काय, हे पाहण्याचे कारण नाही.

एवढे स्वातंत्र्य दिल्यावर कायद्याने कुंपण घातले ते खाजगी खर्चाभोवती, आणि आमच्याकडे खरी झोंबाझोंबी होते ती याच कुंपणावर. किराणा दुकानदार महिन्याची साखर, तेल, तूरडाळ आपल्याच फळीवरून घरी नेतो. ती रक्कम त्याच्या नावे उचल म्हणून पडली पाहिजे. प्रत्यक्षात तिची नोंदच होत नाही, माल विकला गेला असेही होत नाही आणि घरी गेला असेही नाही, आणि वर्षअखेरीस ढोबळ नफा दोन टक्क्यांनी का घटला याचा शोध दुकानदार नोकरावर संशय घेऊन करतो. येथे कर बुडतो हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की दुकान चांगले चालले आहे की वाईट, हे सांगणारे एकमेव साधन त्याने आपल्या हाताने बिघडवून ठेवलेले असते.

नुकसानीच्या बाबतीत न्यायालये कधी कधी चकित व्हावे इतकी उदार राहिली आहेत. बद्रीदास डागा यांच्या पेढीचा कारभार मुंबई, हिंगणघाट वगैरे ठिकाणी मुनिमांमार्फत चाले आणि मालक बिकानेरला राहात. मुंबईच्या मुनिमाने मुखत्यारपत्राच्या बळावर बँकेतून रकमा काढून स्वतःच्या सट्ट्यात घालविल्या. वसूल न झालेली ती रक्कम धंद्यातील नुकसान म्हणून वजा होईल, असा निर्णय १९५८ मध्ये झाला, कारण माणसे नेमल्यावाचून धंदा होत नाही आणि नेमलेल्या माणसाने अपहार करणे ही त्या नेमणुकीतच असलेली जोखीम आहे. याच्याही पुढे जाऊन, सरहद्दीजवळ पासष्ट हजार पाचशे रुपयांच्या नोटांसह पकडलेल्या, सोने आणावयास पाकिस्तानात निघालेल्या एका इसमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये असे ठरविले की तस्करी हाच त्याचा धंदा मानून खाते कर लावीत असेल, तर जप्त झालेली रोकड हा त्याच धंद्याचा तोटा मानणे भाग आहे. तर्क बिनचूक आहे. ऐकणाऱ्याला हसू येते ते तर्काच्या निर्दोषपणाचे. याच्या उलट, खजुराच्या एका आयातदाराने परवाना नसलेल्या मार्गाने माल आणला आणि जप्तीऐवजी दंड भरून तो सोडविला, तेव्हा तो दंड वजा होणार नाही असे त्यापूर्वीच ठरले होते. म्हणजे आडवाटेच्या धंद्यात झालेला तोटा चालेल, पण सरळ धंद्यात कायदा मोडल्याचा दंड चालणार नाही. १९९८ मध्ये कलम ३७ ला एक स्पष्टीकरण जोडून, आणि ते १९६२ पासून मागे नेऊन, गुन्हा ठरणाऱ्या किंवा कायद्याने निषिद्ध असलेल्या गोष्टीवरचा खर्च वजावटीतून काढून टाकण्यात आला. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तू व परदेशवाऱ्या त्या स्पष्टीकरणात २०२२ साली सापडल्या.

लाच खर्चात घालण्याची युक्ती मात्र या कायद्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिची सर्वोत्तम हकीकत आपल्याच मुलखातली आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रांताविषयी एल्फिन्स्टनसाहेबांनी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात मामलेदाराच्या हिशेबातील ‘दरबारखर्च’ या बाबीचे वर्णन आहे. मूळ ही रक्कम गुप्त. दरबारच्या कारभाऱ्यांची आणि हिशेब तपासणाऱ्यांची मर्जी राखण्यासाठी मामलेदार ती रयतेकडून सरकारी साऱ्यावर चढवून वसूल करी. हळूहळू ती रूढ झाली, ठराविक झाली, आणि इतर बाबींप्रमाणे तीही दफ्तरात दाखल होऊन तपासली जाऊ लागली. पण तपासली जाऊ लागल्यावर ती लाच उरली नाही, म्हणून खऱ्या लाचेसाठी आणखी एक वसुली सुरू झाली. आणि असल्या नाजूक व्यवहारात तपासनीस खोलात शिरत नसल्यामुळे, मामलेदार आपल्या धन्यासाठी जेवढे गोळा करी त्याहून अधिक स्वतःसाठी करू लागला. एखाद्या खर्चाला हिशेबात मान्यता देण्याचा परिणाम काय होतो याचे इतके नेमके विवेचन मला आधुनिक ग्रंथांतही आढळलेले नाही. आजही ‘किरकोळ’, ‘इतर’, ‘सादिलवार’ या मथळ्यांखाली काय काय विसावलेले असते हे श्रोत्यांपैकी ज्यांनी हिशेब तपासले आहेत त्यांना मी सांगावयास नको.

आता ज्या समजुतीमुळे पैसा जातो असे मी आरंभी म्हटले तिच्याकडे वळतो. मार्च महिना आला की सल्ला फिरू लागतो: काहीतरी घ्या, खर्च टाका, कर वाचेल. समजा एका व्यावसायिकाचे उत्पन्न चोवीस लाखांच्या वर आहे, म्हणजे त्याच्या शेवटच्या रुपयावर उपकरासह एकतीस रुपये वीस पैसे शेकडा कर आहे. या सल्ल्याप्रमाणे त्याने मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरा लाखांची मोटार घेतली. मोटार ही भांडवली वस्तू. तिची किंमत एकदम वजा होत नाही, दरसाल शेकडा पंधरा घसारा मिळतो, आणि वर्षात ती एकशे ऐंशी दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर त्याच्या निम्मा. म्हणजे वजावट एक लाख साडेबारा हजारांची, आणि वाचलेला कर पस्तीस हजार शंभर रुपयांचा. तीच मोटार रविवारी सहकुटुंब ज्योतिबाला जात असेल तर तेवढा हिस्सा अधिकारी कापणार तो वेगळा. पस्तीस हजारांसाठी पंधरा लाखांचे कर्ज डोक्यावर घेणारा हा गृहस्थ मूर्ख नसतो. तो एरवी सुताच्या भावात चार आण्यांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. परंतु वजावट म्हणजे सरकारने परत केलेले पैसे, अशी त्याची कल्पना कोणी करून दिलेली असते. वजा होते ते उत्पन्नातून, करातून नव्हे. शंभर रुपये खर्चिले तर फार तर एकतीस वाचतात आणि उरलेले एकोणसत्तर त्याच्याच खिशातून जातात, हे त्याला पाटीवर मांडून दाखवावे लागते. मोटार धंद्याला खरोखर हवी असेल तर तिच्यावरचा घसारा हा न्याय्य हक्क आहे, आणि हवी नसेल तर तो घसारा ही तिच्या किमतीवर मिळालेली अल्प सूट आहे.

त्यातच २०२५–२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर रहिवासी व्यक्तीला सवलतीमुळे कर शून्य झाला आहे. गल्लीतील बहुसंख्य दुकानदार आणि लहान कारखानदार या मर्यादेच्या आतले. त्यांच्या बाबतीत कर वाचविण्यासाठी खर्च दाखविणे ही निव्वळ सवय उरली आहे. वाचविण्याजोगे काही राहिलेलेच नाही. तरीही सवय सुटत नाही, आणि तीन वर्षांनी यंत्रासाठी बँकेकडे गेले की तेथील अधिकारी तीन वर्षांची विवरणपत्रे मागतो आणि म्हणतो की एवढ्याशा उत्पन्नावर हप्ता कसा फिटणार.

यापुढचा भाग मी इचलकरंजीच्या एका खर्चीवाल्याच्या उदाहरणाने सांगणार आहे. विठ्ठलराव दातारांनी घोरपडे जहागीरदारांच्या प्रोत्साहनाने १९०४ मध्ये त्या गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे त्या गावाचे सर्व जीवित मागाच्या खडखडाटाभोवती गुंफले गेले. तेथील पुष्कळ मागधारक स्वतः सूत घेत नाहीत आणि कापड विकीत नाहीत. व्यापाऱ्याने दिलेले बीम मागावर चढवावयाचे, कापड विणून परत द्यावयाचे आणि ‘पिका’मागे, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यामागे, ठरलेल्या पैशांनी मजुरी घ्यावयाची. हेच खर्चीवाले. मालाच्या तेजीमंदीची जोखीम व्यापाऱ्याची, यंत्र चालविण्याची जोखीम यांची. खर्चाचा विचार करावयास याहून स्वच्छ धंदा मिळणार नाही, कारण यात खर्चाखेरीज दुसरे काही नाहीच.

पुढील आकडे मी उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण ते त्या धंद्याच्या प्रकृतीला सोडून नाहीत. आठ साधे माग, स्वतःच्या जागेतील शेड, आणि वर्षाची मजुरी बारा लाख. त्यांतून विणकरांचा पगार चार लाख चाळीस हजार. जॉबर व वहिफणीचे ऐंशी हजार. वीजबिल एक लाख नव्वद हजार, तेही यंत्रमागांना सवलतीचा दर आहे म्हणून. धोटे, पट्टे, तेल, दुरुस्ती यांचे एक लाख. दिवाणजीचा अर्धवेळ पगार व सादिलवार मिळून साठ हजार. आणि कर्जाचे व्याज पन्नास हजार. बेरीज नऊ लाख वीस हजार. उरले दोन लाख ऐंशी हजार, आणि मालकाला विचाराल तर तो हाच आकडा सांगेल, कारण पैसे येताना आणि जाताना त्याने पाहिले आहेत.

परंतु माग झिजतात. वहीत त्यांची घटती किंमत तीन लाख धरली तर शेकडा पंधराप्रमाणे पंचेचाळीस हजार घसारा पडतो आणि नफा दोन लाख पस्तीस हजारांवर येतो. घसारा हा कोणाला द्यावयाचा पैसा नव्हे, म्हणून साध्या माणसाला तो लबाडीचा खर्च वाटतो. आणि कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता हा रोख द्यावयाचा पैसा असूनही तो खर्च नव्हे, हे तर त्याला मुळीच पटत नाही. मुद्दल वर्षाला एक लाख फिटत असेल तर दोन लाख ऐंशी हजारांतून ते जाऊन घरात एक लाख ऐंशी हजारच येतात. वहीतील नफा अधिक आणि हातातील रोकड कमी, ही अवस्था धंदा वाढविणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते, आणि ती न समजल्यामुळे कित्येकांनी दिवाणजीवर उगाच आळ घेतलेला आहे. दुसऱ्या बाजूला, कर्ज फिटल्यावर दोन-तीन वर्षे हातात पैसा खुळखुळतो, घसाऱ्याचा विसर पडतो, आणि त्या पैशांतून वरचा मजला चढतो. मग माग जुने झाल्यावर नव्यांसाठी पुन्हा कर्ज. घसारा जुन्या खरेदीवर निघतो आणि नवा माग आजच्या किमतीला मिळतो, तेव्हा पंचेचाळीस हजार बाजूस ठेवूनही तूट राहतेच.

आता विवरणपत्र. दोन कोटींच्या आतील उलाढालीच्या व्यावसायिकाला कलम ४४एडीने अशी मुभा दिली आहे की त्याने वह्यांचा खटाटोप न करता उलाढालीच्या शेकडा आठ, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर शेकडा सहा, एवढे उत्पन्न धरून मोकळे व्हावे; प्रत्यक्षात अधिक असेल तर अधिक दाखवावे. बारा लाखांवर शेकडा सहा म्हणजे बहात्तर हजार. सल्लागार तेवढेच लिहितो, कर शून्य येतो, आणि आमचा मागधारक समाधानाने सही करतो. या मार्गाने जाणाऱ्याला घसारा मिळाला असेच कायदा गृहीत धरतो आणि मागांची वहीतील किंमत तेवढ्याने उतरते, ही बारीक गोष्ट त्याला माग विकण्याच्या दिवसापर्यंत कळत नाही. या सोयीविषयी माझी तक्रार नाही. लाखो लहान माणसांची कारकुनी तिने वाचविली आहे. पण ज्या वर्षी वह्या ठेवण्याची सक्ती सुटली त्याच वर्षी अनेकांनी वह्या ठेवणेच सोडले, जणू काही रोजमेळ आणि खतावणी ही सरकारसाठीच लिहावयाची होती.

एवढ्या आकड्यांत अजून एक आलेला नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेड स्वतःची आहे. ती दुसऱ्याला दिली असती तर वर्षाला साठ हजार भाडे आले असते. मालकाची पत्नी दुपारभर कांड्या भरते. बाहेरून बाई लावली तर महिना सहा हजारांखाली येणार नाही, म्हणजे वर्षाचे बहात्तर हजार. मालक स्वतः सकाळी शेड उघडतो, तुटलेले धागे जोडतो, रात्रपाळीला गैरहजर विणकराच्या जागी उभा राहतो, आणि मजुरीच्या वसुलीसाठी व्यापाऱ्याच्या पेढीवर खेटे घालतो; या सर्वांचे मी मुद्दाम कमी धरून महिना दहा हजार घेतो. एकूण दोन लाख बावन्न हजार. दोन लाख पस्तीस हजारांच्या नफ्यातून हे वजा केले तर सतरा हजारांची तूट येते, आणि मागांत गुंतलेल्या त्याच्या स्वतःच्या पैशावर व्याज अजून धरलेलेच नाही. म्हणजे ज्याला तो आठ मागांचा नफा समजत होता तो नफा नव्हताच. ते एका शेडचे भाडे आणि दोन माणसांची मजुरी होती, आणि तीही पुरती नव्हे.

कायदा या बाबतीत मोठा चमत्कारिक आहे. एकट्या मालकाने स्वतःला पगार दिला तर तो खर्च नव्हे, कारण कोणी स्वतःचा नोकर होऊ शकत नाही. तोच मालक भावाला घेऊन भागीदारी करील तर ठराविक मर्यादेत भागीदाराचा पगार वजा होतो. आणि खाजगी कंपनी काढून संचालक झाला तर त्याचे वेतन हा कंपनीचा सरळ खर्च. मागही तेच, रात्रपाळीही तीच. पत्नीला पगार दिला तर तो वाजवी आहे काय हे पाहिले जाते, आणि तिच्याजवळ त्या कामाचे खास ज्ञान किंवा अनुभव नाही असे ठरले तर तो पगार पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळविला जाऊ शकतो. जन्मभर कांड्या भरलेल्या बाईच्या अनुभवाचे प्रमाणपत्र कोणते आणावयाचे, हे मला ठाऊक नाही.

शेतीच्या बाबतीत मात्र सरकार स्वतःच दुसरा हिशेब मांडते. कृषिमूल्य आयोग पिकाचा उत्पादनखर्च काढताना एक आकडा रोखीने केलेल्या खर्चाचा देतो, दुसऱ्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवितो, आणि तिसऱ्यात, ज्याला ‘सी-टू’ म्हणतात, स्वतःच्या जमिनीचे भाडे व स्वतःच्या भांडवलाचे व्याजही घालतो. हमीभाव दीडपट धरावयाचा तो दुसऱ्या आकड्याच्या की तिसऱ्याच्या, यावर स्वामिनाथन आयोगानंतर आजतागायत भांडण चालू आहे, आणि शेतकरी संघटनांच्या कार्यकर्त्याला ‘सी-टू’चा अर्थ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याहून चांगला कळतो. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, आणि कदाचित म्हणूनच तेथे खर्चाचा विचार कराच्या छायेतून मोकळा राहिला. यंत्रमागवाल्याने, शिंप्याने, खानावळ चालविणाऱ्या बाईने असा आपला ‘सी-टू’ काढल्याचे मी ऐकलेले नाही. अर्थशास्त्रज्ञ सर जॉन हिक्स यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात उत्पन्नाची जी व्याख्या केली तिचा आशय असा की मुदतीच्या आरंभी माणूस जितका सुस्थितीत होता तितकाच अखेरीसही राहील, अशा अपेक्षेने त्याला जास्तीत जास्त जे उपभोगता येते ते त्याचे उत्पन्न. झिजलेले माग आणि झिजलेली पाठ ही दोन्ही त्या व्याख्येत बसतात. आयकराच्या कायद्यात पहिले बसते, दुसरे नाही.

मजुरी वेळेवर मिळण्याच्या कामी कराच्या कायद्याने एक अनपेक्षित मदत केली आहे. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, नसल्यास पंधरा दिवसांत चुकते न केल्यास ते देणाऱ्याला त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते, अशी तरतूद २०२३–२४ च्या हिशेबी वर्षापासून लागू झाली. नव्वद-नव्वद दिवस उधारीवर चालणाऱ्या कापडबाजारात तिने खळबळ उडविली, आणि काही व्यापाऱ्यांनी नोंदणी नसलेल्या मागधारकाकडे काम वळविले असेही झाले. तरीपण खर्चीवाल्याच्या हाती लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ची नोंदणी आणि तारखेचे बिल असेल तर मार्चअखेरीस व्यापारी स्वतः दिवाणजीला फोन करतो, हे दृश्य आधी कोणी पाहिले नव्हते.

मजुरीचा दर ठरविण्याची बैठक बसते तेव्हा मात्र व्यापाऱ्याच्या बाजूचा पहिला प्रश्न ‘तुम्हाला खर्च किती येतो?’ असा असतो, आणि खर्चीवाला पगार, वीज, धोटे, दिवाणजी, व्याज असे एकेक सांगत नऊ लाख वीस हजारांवर थांबतो. बारा लाखांशी ते ताडून पाहिले की शेकडा तेवीस सुटतात असे दिसते, व्यापारी मान हलवितो, आणि दरवाढ पुढच्या बैठकीवर जाते. घसारा, शेडचे भाडे, कांड्या आणि रात्रपाळी धरून होणारे बारा लाख सतरा हजार दिवाणजीच्या वहीत लिहिलेले नसतात, विवरणपत्रात तर नसतातच. ते मांडावयाचे असतील तर बैठकीला निघण्यापूर्वी नवराबायकोंनी बसून एका कागदावर उतरवून घेतले पाहिजेत, आणि कांड्यांचा दर किती धरावा हे त्या बाईलाच विचारले पाहिजे.